ऑगस्टमधला स्टर्जन आणि ४७ मिनिटं : फ्रेझर नदीवरचं एक प्रकरण

हे प्रकरण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं आहे. व्हँकुव्हरच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींमध्ये उन्हाळ्यात फ्रेझर नदीवर स्टर्जन नावाच्या मोठ्या माशाच्या मागे जाणारे आता बरेच आहेत. नावं, तारीख आणि नदीवरची नेमकी जागा वगळली आहे. मिनिटं आणि मापं बोटीवर लिहून ठेवलेल्या नोंदीतली आहेत.

पार्श्वभूमी

व्हाइट स्टर्जन हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला सगळ्यात मोठा मासा. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी हाडांच्या खडबडीत ढालींच्या पाच रांगा असतात. तोंड खालच्या बाजूला, दात नाहीत, पुढे चार मिशा. तळाला मिशांनी चाचपत फिरतो आणि नळीसारखं तोंड बाहेर काढून खाणं ओढून घेतो. शंभरी ओलांडलेले मासे असतात. मादी पहिल्यांदा अंडी घालते तीच पंधरा-वीस वर्षांची किंवा त्याहून मोठी झाल्यावर, आणि त्यानंतरही दरवर्षी घालत नाही. त्यामुळे दोन मीटरची एक मादी मेली तर ती जागा भरून यायला माणसाची एक पिढी जाते.

१९९३ आणि १९९४ मध्ये फ्रेझरच्या खालच्या भागात मोठे स्टर्जन मरून वाहत आलेले सापडले. १९९४ पासून इथे स्टर्जन घरी न्यायला बंदी आहे. पकडायचा आणि सोडायचा, एवढीच मुभा. मिशन गावातल्या रेल्वे पुलापासून वरच्या अंगाला नदी भरती-ओहोटीच्या हद्दीत धरत नाहीत, तिथे प्रांताचा गोड्या पाण्याचा परवाना लागतो आणि स्टर्जनसाठी वेगळा संवर्धन परवाना. गळ एकच, तोही उलट काटा नसलेला. दीड मीटरपेक्षा मोठा मासा पाण्याबाहेर काढायचा नाही.

बोटीवर चौघं होते. बोट ज्याची तो चालवत होता. एक जोडपं होतं, दोघांकडेही परवाने. चौथे नवऱ्याचे काका, रत्नागिरीहून दोन महिन्यांसाठी आलेले. खाडीत गळ टाकण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण इथला परवाना काढलेला नव्हता, म्हणून ते नुसते बसून होते. बोट साडेपाच मीटरची, ॲल्युमिनियमची, जेट इंजिनाची. गोट्यांच्या उथळ पट्ट्यांवर पंख्याचं इंजिन टिकत नाही, म्हणून या भागात जेटच चालतं. चिलिवॅकजवळच्या आयलंड २२ च्या धक्क्यावरून सकाळी बोट पाण्यात घातली आणि ॲगासिझ-रोझडेल पुलाच्या दिशेने वर नेली.

बर्फ वितळून येणारा पूर मे-जूनमध्ये शिगेला पोचतो. ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाणी उतरतं, गोट्यांचे पट्टे उघडे पडतात, डोह आणि धारेच्या कडा वाचता येतात. सॉकाय सामन समुद्रातून वर चढू लागलेला असतो, आणि मेलेला सामन व त्याची गाभोळी हे स्टर्जनचं आवडतं खाणं. म्हणजे जागा सापडायला आणि मासा लागायला हा काळ उत्तम. त्याच काळात पाणी वर्षातलं सगळ्यात गरम असतं. या प्रकरणाचं मूळ याच जोडीत आहे.

सामान

गाभोळी नायलॉनच्या पायमोज्यात लिंबाएवढी बांधून घेतली होती. मोज्यामुळे ती धारेत सुटत नाही आणि वास मात्र सुटत राहतो. गळ ७/० मापाचा. मुख्य लाइन १३० पौंडांची, विणीची, रिळावर ३०० मीटर. लीडर, म्हणजे मुख्य लाइन आणि गळ यांमधला दोरीचा तुकडा, साधारण ७५ सेंटिमीटरचा, १०० पौंडांचा. हा क्रम बरोबर आहे, कारण तुटायची वेळ आलीच तर लीडर तुटावा, मुख्य लाइन नव्हे. माशाच्या तोंडाला हातभर दोरी राहणं आणि शंभर मीटर राहणं यात त्याच्या जगण्यामरण्याचा फरक आहे.

शिसं ४५० ग्रॅमचं, लाइनवर सरकणाऱ्या कडीला ३० पौंडांच्या साध्या नायलॉनने लोंबत ठेवलेलं. पुष्कळ जण शिसं सरळ कडीला अडकवतात. ते ओंडक्यात रुतलं की मासा नदीच्या तळाशी बांधला जातो. कमजोर धाग्यावर असेल तर धागा तुटतो, शिसं जातं, मासा मोकळा लढत राहतो. ही एक गोष्ट या मंडळींनी चोख केली होती आणि पुढे तिने मासा वाचवला.

दोन गोष्टी मात्र राहिल्या. रिळाचा ड्रॅग (मासा ओढू लागला की किती ताणाला लाइन सुटावी ते ठरवणारा ब्रेक) हाताने ओढून 'ठीक वाटतोय' असा लावला होता, वजनकाट्यावर मोजला नव्हता. संध्याकाळी पुन्हा तसाच लावून मोजला तेव्हा तो जेमतेम ४ किलो भरला. आणि नांगराचा बोया (नांगराचा दोर सोडून बोट माशामागे नेता यावी म्हणून दोराला बांधायचा तरंगता गोळा) बोटीत होता, पण पुढच्या खणात, जाकिटांच्या खाली. दोर बोटीच्या नाकावरच्या खुंटाला आठाच्या आकड्यात गुंडाळून वर दोन गाठी मारलेल्या.

काकांनी सकाळीच विचारलं होतं, "अरे, नांगराला बोया नाही लावत तुम्ही?" त्यावर "लावतो काका, मोठा मासा लागला की" असं उत्तर मिळालं.

अडचण कशी उभी राहिली

नऊ मीटर खोल डोहाच्या वरच्या कडेला, संथ आणि वेगवान पाणी जिथे एकमेकांना घासतं त्या शिवेवर, नांगर टाकला. खोलीच्या चौपट दोर सोडला. फिशफाइंडर या मासे शोधणाऱ्या यंत्रावर पाण्याचं तापमान १९.३ अंश होतं. आकडा तिघांनी पाहिला, नोंदवलाही. त्यावर बोलणं झालं ते इतकंच, की दुपारी ऊन वाढायच्या आत उरकू.

इथे पहिला निर्णय झाला, आणि तो चुकीच्या समजुतीवर झाला. ओढ्यात किंवा तळ्याच्या काठाला सकाळ-दुपारमध्ये चांगला फरक पडतो. फ्रेझरसारख्या प्रचंड प्रवाहात तो फारच थोडा असतो. इथलं पाणी वरच्या शेकडो किलोमीटरमध्ये कित्येक दिवस तापत आलेलं असतं. सकाळी सातला जे १९ आहे ते दुपारी दोनलाही १९ च्या आसपासच राहणार. 'लवकर उरकू' हा या नदीवर उन्हाळ्याचा उपाय होऊ शकत नाही.

१९ अंश का खुपतात? १० अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये साधारण ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशांना ९.१. म्हणजे पुरवठा पाचव्या हिश्श्याने कमी. उलट मासा थंड रक्ताचा, त्यामुळे गरम पाण्यात शरीराची मागणी वाढलेली. त्यात झुंजताना स्नायू प्राणवायूविना जोर लावतात आणि आम्ल साठत जातं. ते निवळायला तास लागतात. १२ अंशांना ४० मिनिटं खेळवलेला आणि १९ अंशांना ४० मिनिटं खेळवलेला, हे दोन मासे सारख्या अवस्थेत सुटत नाहीत.

सकाळी दोन लहान मासे लागले, ९० सेंटिमीटरचा आणि सव्वा मीटरचा. एक पाच मिनिटांत आला, दुसरा नऊ. दोन्ही झटक्यात पोहून गेले. त्याने सगळ्यांना वाटलं की पाणी बरं आहे. खरं तर त्यातून फक्त एवढंच कळलं होतं, की लहान मासे लवकर येतात.

दुपारी १:४० ला तिसऱ्या रॉडचं टोक दोनदा हलकेच वाकलं. स्टर्जन आधी चोखून बघतो, त्या हलक्या वाकण्यावर झटका मारला तर गळ रिकामा येतो. नवऱ्याने थांबून तिसऱ्या, सलग ओढीवर रॉड उचलला. मासा अख्खा पाण्याबाहेर आला आणि लांबी पाहून सगळे उठून उभे राहिले. दुसऱ्या क्षणी तो धारेला लागून खाली सुटला.

बाकीचे रॉड गुंडाळायला दीड मिनिट गेलं. मग बोया शोधणं, तो दोराला अडकवणं. ओढीने आवळलेल्या गाठी बोटांनी सुटेनात, पक्कड आणावी लागली. बोट सुटली तेव्हा १:४६ झाले होते आणि रिळावरून १८० मीटर लाइन गेली होती. एवढी लाइन बाहेर असताना रॉडने काहीच होत नाही. धारेचा सगळा दाब लाइनच्या पोटावर येतो, गळवाला माशाशी कमी आणि नदीशी जास्त झुंजत असतो.

बोट माशावर आणायला आणखी दहा मिनिटं. तोवर मासा एका बुडालेल्या झाडाजवळ तळाला चिकटला होता. शिसं फांदीत अडकलं, लाइन घट्ट झाली, मग एक हिसका बसला आणि ३० पौंडांचा धागा तुटला. मासा अजून लाइनवर होता, पण वर यायला तयार नव्हता. बोट त्याच्या बरोबर डोक्यावर, रॉड सरळ वर उचललेला, ड्रॅग ४ किलोचा. या स्थितीत मासा काही न करता टिकून राहू शकतो. पंखाएवढे छातीचे पर तो धारेत तिरपे धरतो आणि पाणीच त्याला खाली दाबून ठेवतं.

२:०५ वाजले. पंचवीस मिनिटं झाली होती आणि मासा अर्धाही आलेला नव्हता.

पंचविसाव्या मिनिटाला समोर असलेले पर्याय

बोटवाल्याने घड्याळ पाहून विषय काढला, ही मोठी गोष्ट. अशा वेळी सहसा कुणी घड्याळ पाहत नाही.

पहिला पर्याय, लाइन कापायची. ऐकायला हा सर्वांत दयाळू वाटतो. पण त्या घडीला चाळीसेक मीटर लाइन बाहेर होती. विणीची लाइन कुजत नाही, ताणली जात नाही. ती मागे ओढत फिरणारा मासा पुढच्याच ओंडक्यात अडकू शकतो. कापायचंच तर मासा जवळ आणून, लीडरपाशी. लांबून कापणं म्हणजे अडचण नजरेआड करणं. हा पर्याय त्यांनी नाकारला तो याच कारणाने, आणि ते कारण पटणारं आहे.

दुसरा, लाइन एकदम ढिली सोडायची. उलट काटा नसल्याने गळ आपोआप पडू शकतो, विशेषतः पंचवीस मिनिटांत ओठातलं भोक रुंद झालेलं असताना. हमी मात्र नाही. स्टर्जनचा ओठ रबरासारखा जाड असतो आणि गळ वाकणाऱ्या अंगाने बसला असेल तर ढिलाईतही राहतो. तरी मिनिटभर करून बघायला काहीच हरकत नव्हती. हा पर्याय बोलण्यात आला आणि मागे पडला, कारण रॉड ज्याच्या हातात त्याला तो नको होता.

तिसरा, आहे तिथूनच ड्रॅग आवळून वर खेचायचं. यात रॉडच्या तुटण्यापेक्षाही मोठा धोका असा, की मासा डोक्याने वर, उभा ओढला जातो आणि दमतो तरी लवकर येत नाही.

चौथा, बोट माशाच्या खाली आणि बाजूला न्यायची, रॉड आडवा धरून खालच्या दिशेने ताण द्यायचा. मग माशाला धारेचा आधार घेता येत नाही. तो डोकं वळवतो आणि तळ सोडतो. त्याच दिशेला २०० मीटरवर गोट्यांचा उथळ पट्टा होता, तिथे पाणी संथ. अडचण अशी की त्याच्याही खाली बेटाच्या नाकावर ओंडक्यांचा मोठा ढीग होता. पट्टा चुकला तर मासा आणि बोट दोन्ही तिकडे जाणार.

आणि एक प्रश्न होता जो पर्यायांत कुणी मोजला नाही : रॉड कुणाच्या हातात असावा.

काय केलं

चौथा पर्याय घेतला. ड्रॅग दोन टप्प्यांत आवळला. एकदम आवळला तर जुन्या भोकातून गळ फाटून निघतो. बोटवाल्याने मोठा वळसा घेतला, लाइन बोटीखाली जाऊ दिली नाही आणि माशाच्या वीसेक मीटर खाली, किनाऱ्याच्या बाजूला बोट धरली.

नवऱ्याचे हात तोवर संपले होते. काका पुढे सरकले तसं तोच म्हणाला, "काका, तुम्ही नका धरू, तुमचा परवाना नाहीये." हे बरोबरच होतं. लागलेल्या माशाचा रॉड हातात घेणं हीसुद्धा मासेमारीच धरली जाते.

"मी नाही रे धरत," काका म्हणाले, "पण तिला दे. तुझे हात बघ कसे लटपटतायत."

बायकोने "दे इकडे" म्हणून रॉड घेतला तेव्हा २:०८ झाले होते. ताज्या हातांनी, आडव्या ताणाने, तीन मिनिटांत मासा तळ सोडून निघाला. त्यानंतर तो दोनदा जोरात पळाला, पण प्रत्येक वेळी तीस मीटरच्या आत थांबला. २:२७ ला गुडघाभर पाण्यात होता. एकूण ४७ मिनिटं.

बोटवाला आणि नवरा पाण्यात उतरले. माशाचं डोकं धारेकडे केलं, कल्ले पूर्ण पाण्यात. गळ वरच्या ओठाच्या कोपऱ्यात होता, पकडीने एका वळणात निघाला. कल्ल्यात हात घातला नाही, शेपटीला दोर बांधला नाही. या दोन्ही सवयी नदीवर अजून दिसतात आणि दोन्ही वाईट. माप पाण्यातच घेतलं : शेपटीच्या खाचेपर्यंत २.२४ मीटर. फोटोसाठी "थोडा उचलूया का" असं एकदा निघालं आणि तिथेच मिटलं. फोटो पाण्यात बसून काढला, वीस सेकंदांत.

मासा मात्र उभा राहीना. हात सैल केला की कूस बदलून पोट वर करायचा. स्टर्जनची हवेची पिशवी अन्ननलिकेला जोडलेली असते आणि पृष्ठभागावर दमलेला मासा हवा गिळतो. त्यामुळे तो वर तरंगतो आणि खाली जाण्याची ताकद उरलेली नसते. त्याला पोटाखाली आधार देऊन सरळ धरला, मधून डोकं किंचित खाली केलं. थोड्या वेळाने तोंडातून बुडबुडे आले. मागेपुढे हलवला नाही. मागे ओढल्याने कल्ल्यांत पाणी उलटं शिरतं. धारेतून पाणी आपसूक कल्ल्यांतून जातं, तेवढं पुरे. सुरुवातीला कल्ल्यांची झाकणं नुसती थरथरत होती. दहाव्या मिनिटाला ती पूर्ण उघडमीट करू लागली, अठराव्याला शेपटीने धक्का दिला. तेव्हाही त्याला लगेच सोडला नाही. दुसरा धक्का जोराचा बसून हातातून निसटेपर्यंत वाट पाहिली. बाविसाव्या मिनिटाला तो खोल पाण्यात गेला आणि पुन्हा वर आलेला दिसला नाही.

परिणाम

पोहून गेला म्हणजे जगला, असं म्हणता येत नाही. थकव्याने मरणारा मासा काही तासांनी किंवा दिवसांनीही मरू शकतो, आणि स्टर्जन मेला तरी आधी तळाला बसतो. मंडळींनी त्या दिवशी पुन्हा गळ टाकला नाही आणि दुसऱ्या दिवसाचा बेत रद्द केला. आमच्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय. तो सकाळी १९.३ आकडा पाहिल्यावर घेता आला असता.

काय वेगळं करता आलं असतं

४७ मिनिटांचा हिशेब मांडला तर असा : सहा नांगर सोडण्यात, दहा बोट माशावर आणण्यात, नऊ तळाला चिकटलेल्या माशाच्या डोक्यावर उभं राहण्यात, तीन ठरवण्यात आणि हात बदलण्यात, एकोणीस खऱ्या झुंजीत. पहिली पंचवीस मिनिटं माशाच्या ताकदीने लांबलेली नाहीत, तयारीच्या अभावाने लांबली.

बोया नांगर टाकतानाच दोराला हवा आणि दोर एका ओढीत सुटेल अशा फासाने खुंटाला. किनाऱ्यावर असतानाच तीसदा सोडून बघावा, डोळे मिटूनही सुटला पाहिजे. मासा लागल्यापासून बोट सुटेपर्यंत एका मिनिटाच्या वर जाता कामा नये. यात सुरक्षेचाही भाग आहे : वाहत आलेलं झाड दोरावर बसलं तर न सुटणारा नांगर बोटीचं नाक पाण्याखाली ओढतो.

ड्रॅग सामान मोजायच्या लटकत्या काट्याने मोजावा. दोन मीटरच्या माशासाठी १० ते ११ किलो. १३० पौंडांच्या लाइनला हा ताण काहीच नाही, थकणार ते हात. म्हणून दर दहा मिनिटांनी परवानाधारकांनी रॉड बदलायचा, हे आधीच ठरलेलं असावं. ऐन वेळी मागितला की अभिमान आडवा येतो.

तापमानाची रेघ धक्क्यावरच आखावी. कायद्यात असा आकडा नाही, आम्ही धरतो तो असा : १८ अंशांपर्यंत नेहमीप्रमाणे. १८ ते २० मध्ये सगळी तयारी पक्की असेल तरच, आणि वीस मिनिटांची मर्यादा. २० च्या वर स्टर्जनसाठी गळ टाकायचाच नाही. मर्यादा संपली की आधी मिनिटभर ढील द्यायची. गळ नाही पडला तर मासा जवळ आणून लीडर कापायचा. मोठ्याने वेळ सांगणारा एक माणूस नेमावा. इथे काका ते काम उत्तम करू शकले असते.

आणखी एक. फ्रेझरच्या या गोट्यांच्या भागात जून-जुलैमध्ये स्टर्जन अंडी घालतात, त्या काळात काही उपप्रवाह बंदही असतात. ऑगस्टमधला मोठा मासा ही नुकती अंडी घालून निघालेली, आधीच खंगलेली मादी असू शकते. बाहेरून ते ओळखता येत नाही. मोठ्या माशांच्या डोहावर ऑगस्टमध्ये नांगर टाकायचा की लहान मासे फिरतात त्या उथळ कडेवर, हा निर्णय त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

नंतर

हीच मंडळी ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेली. पाणी ११ अंश. बोया दोरावर, ड्रॅग १० किलोवर. २.१ मीटरचा मासा लागला. चाळीस सेकंदांत बोट सुटली, दोन हात बदलले, २१ व्या मिनिटाला मासा उथळ पाण्यात होता आणि सोडल्यावर दोन मिनिटांत गेला. एका माशावरून सिद्धता होत नाही, आणि यातलं किती श्रेय तयारीचं, किती थंड पाण्याचं, हे वेगळं काढता येणार नाही.

या वेळी बोटीवर टॅगिंगचं प्रशिक्षण घेतलेला एक स्वयंसेवकही होता. फ्रेझरच्या खालच्या भागात २००० सालापासून स्वयंसेवक माशांना तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, ओळखक्रमांकाचा टॅग टोचतात आणि पुन्हा सापडलेल्या माशाचा टॅग यंत्राने वाचतात. ऑक्टोबरच्या माशाला आधीचा टॅग नव्हता. नवा बसवला, लांबी, घेर आणि जागा नोंदवली. ऑगस्टमधल्या माशाची तशी नोंद नाही. यंत्र बोटीवर असतं तर तो पुढे कधी, कुठे, किती वाढलेला सापडला हे कुणाला तरी कळू शकलं असतं.